न हसणारी भुते

'अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाइन' हा ८३ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट अमेरिकेतील युनिव्हर्सल-इंटरनॅशनल कंपनीने जून १९४८ मध्ये प्रदर्शित केला. दिग्दर्शक होते चार्ल्स बार्टन. बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो ही त्या काळातली अत्यंत लोकप्रिय विनोदी जोडी. तिच्यासमोर या चित्रपटात ड्रॅक्युला, पौर्णिमेला लांडगा होणारा 'वुल्फ मॅन' आणि फ्रँकेनस्टाइनने घडवलेला राक्षस असे तिघे एकदम उभे ठाकतात. भीती आणि हसू एका कथेत नांदवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते, नंतर तर ढिगाने झाले. पण हे मिश्रण कशाने जमते आणि कशाने फसते, हे समजून घ्यायला याच्याइतका स्वच्छ नमुना सापडणे कठीण आहे. इथे ते जमले एका निर्णयामुळे. या चित्रपटातली भुते स्वतः कधीच विनोद करत नाहीत.

या भुतांमागे तोवर बरीच वर्षे उभी होती. १९३१ साली युनिव्हर्सलने टॉड ब्राउनिंग यांचा 'ड्रॅक्युला' आणि जेम्स व्हेल यांचा 'फ्रँकेनस्टाइन' असे दोन चित्रपट आणले. ते इतके चालले की भयपट ही या कंपनीची ओळखच होऊन बसली. पाठोपाठ 'द ममी', 'द इन्व्हिजिबल मॅन', 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' आले आणि १९४१ मध्ये लॉन चेनी ज्युनिअर यांचा 'द वुल्फ मॅन' आला. त्यानंतर मात्र नव्या कल्पना आटल्या. एका भुताने प्रेक्षक येत नाही तर दोन दाखवू, दोघांनी येत नाही तर तीन, असा हिशेब सुरू झाला. 'फ्रँकेनस्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' (१९४३), 'हाउस ऑफ फ्रँकेनस्टाइन' (१९४४) आणि 'हाउस ऑफ ड्रॅक्युला' (१९४५) ही त्या हिशेबाची फळे. १९४५ पर्यंत महायुद्धाने खरी भीषणता घरोघरी पोचवली होती. केप पांघरलेल्या सरदाराला पाहून किंचाळणारा प्रेक्षक आता उरला नव्हता.

अ‍ॅबट आणि कॉस्टेलो यांचीही अवस्था फार वेगळी नव्हती. दोघेही बर्लेस्क या अमेरिकन विनोदी रंगप्रकारातून आलेले. १९३६ पासून त्यांची जोडी कायमची जमली, रेडिओने ती देशभर नेली आणि १९४१ च्या 'बक प्रायव्हेट्स' या चित्रपटाने तिला तिकीटबारीवर अग्रस्थानी नेऊन ठेवले. उंच, शिडशिडीत अ‍ॅबट गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारणार, दटावणार, घाई करणार. बुटका, गोलमटोल कॉस्टेलो गोंधळणार, घाबरणार आणि हशा वसूल करणार. तमाशाच्या वगात सोंगाड्याला बोलते करणारा गंभीर साथीदार असतो, तेच काम अ‍ॅबट यांचे होते, आणि ते किती अवघड आहे हे त्यांच्या संवादफेकीतले वेळेचे भान पाहिल्यावर कळते. पण वर्षाला तीन-चार चित्रपट काढण्याच्या सपाट्यात तेच तेच प्रवेश फिरून येऊ लागले आणि १९४५ नंतर या जोडीचाही भाव उतरला.

उतरणीला लागलेल्या या दोन गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना कंपनीच्या दृष्टीने व्यापारी होती. पटकथा रॉबर्ट लीस, फ्रेडरिक रिनाल्डो आणि जॉन ग्रँट यांनी लिहिली. ग्रँट हे या जोडीचे जुने लेखक. तिच्या विनोदाची नस त्यांना ठाऊक होती. चित्रपटाचे सुरुवातीचे नाव होते 'द ब्रेन ऑफ फ्रँकेनस्टाइन'. कॉस्टेलो यांना पटकथा मुळीच आवडली नव्हती. आपली लहान मुलगीही याहून बरे लिहील, असे ते म्हणाल्याचे सांगितले जाते. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चित्रीकरण उरकले.

कॉस्टेलो यांची नाराजी समजण्यासारखी आहे, कारण पटकथेने त्यांच्या हातून एक हक्काची सोय काढून घेतली होती. त्याआधीच्या अमेरिकन भयविनोदपटांत भूत बहुधा खोटे निघे. बॉब होप यांचा 'द कॅट अँड द कॅनरी' (१९३९) घ्या किंवा याच जोडीचा 'होल्ड दॅट घोस्ट' (१९४१) घ्या. पडका वाडा, करकरणारे दार, भिंतीतून येणारा हात, आणि शेवटी कळते की हे सारे वारसाहक्कासाठी टपलेल्या नातेवाइकाचे किंवा लपवलेल्या पैशामागे लागलेल्या गुंडांचे कारस्थान. प्रेक्षकालाही ते आतून माहीत असे. त्यामुळे घाबरणाऱ्या नायकाला हसताना त्याला कसलीच जोखीम वाटत नसे. १९४८ च्या चित्रपटात भुते खरी आहेत. घाबरणारा माणूस मूर्ख नाही, त्याचेच बरोबर आहे, आणि त्याला मूर्खात काढणारा शहाणा मित्र चुकतो आहे. विनोदाची सगळी दिशाच या एका बदलाने फिरली.

कथा साधी आहे. फ्लोरिडातल्या एका रेल्वे स्थानकावर चिक (अ‍ॅबट) आणि विल्बर (कॉस्टेलो) सामान हाताळण्याचे काम करतात. मॅकडूगल नावाच्या माणसाच्या भयप्रदर्शनासाठी दोन मोठी खोकी येतात. एकात ड्रॅक्युलाची शवपेटी असते, दुसऱ्यात फ्रँकेनस्टाइनचा राक्षस. लंडनहून लॅरी टॅलबट हा बिचारा वुल्फ मॅन फोन करून सांगतो की आपण येईपर्यंत ही खोकी कोणालाही देऊ नका. तोवर लंडनमध्ये चंद्र वर येतो, टॅलबटचा लांडगा होतो आणि फोनवर नुसती गुरगुर ऐकू येऊ लागते. कोणीतरी आपल्या कुत्र्याला फोनवर बोलायला लावले आहे, अशा समजुतीने विल्बर त्याला झापतो. चित्रपटाची रीत या पहिल्याच प्रसंगात पूर्ण दिसते. टॅलबटचे रूपांतर अगदी गांभीर्याने, १९४१ च्या चित्रपटात शोभावे तसे घेतलेले आहे. हशा पिकतो तो तारेच्या दुसऱ्या टोकाला, ज्याला ते दिसत नाही त्याच्यामुळे.

यानंतरचा प्रदर्शनगृहातला प्रसंग पुन्हा पुन्हा पाहण्याजोगा आहे. रात्रीची वेळ, वादळ, मेणाचे पुतळे. विल्बर शवपेटीवर मेणबत्ती ठेवून ड्रॅक्युलाची माहिती देणारा फलक वाचू लागतो. पेटीचे झाकण आतून उचलले जाते आणि मेणबत्ती सरकते. विल्बरचा आवाज बसतो. तोंड उघडते, पण शब्द फुटत नाही. कसाबसा तो चिकला हाक मारतो. चिक येतो तेव्हा सारे जागच्या जागी. चिक रागावून निघून जातो आणि पुन्हा झाकण हलते. सरकत्या मेणबत्तीची ही युक्ती या जोडीने 'होल्ड दॅट घोस्ट'मध्येही वापरली होती. इथे तिला धार येते, कारण पेटीतून शेवटी खरेच बेला लुगोसी बाहेर येतात, तेही अतिशय संथपणे, बोटे आधी आणि चेहरा मागून. तो संथपणा विनोदाच्या घाईशी जराही तडजोड करत नाही. कॅमेरा लुगोसींकडे वळला की भयपटाच्या लयीत चालतो, कॉस्टेलोंकडे वळला की विनोदपटाच्या. दोन लयी एकाच प्रसंगात आलटून पालटून चालवणे हे दिग्दर्शक बार्टन यांचे खरे कसब.

लुगोसी तेव्हा पासष्टीत होते. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'ने त्यांना जगप्रसिद्ध केले, पण पूर्ण लांबीच्या चित्रपटात ड्रॅक्युला म्हणून ते त्यानंतर एकदाच उभे राहिले, आणि ते याच चित्रपटात. मधली सतरा वर्षे कमी प्रतीच्या भूमिकांत गेली होती. ही भूमिका त्यांनी पूर्ण इतमामाने केली आहे. केपची घडी, हाताची बोटे, रोखलेले डोळे, शब्दाशब्दाला दिलेले वजन, यांतले काहीही थट्टेसाठी वाढवलेले नाही. काही समीक्षकांना त्यांचा हा ड्रॅक्युला १९३१ पेक्षाही अधिक मोकळा आणि प्रसन्न वाटतो, आणि त्यात तथ्य आहे. वेश बदलून तो डॉक्टर म्हणून वावरतो तेव्हाचे त्यांचे गोड, अदबशीर वागणे अधिकच अंगावर येते. मुखवट्यांच्या मेजवानीला हाच ड्रॅक्युला आपल्या नेहमीच्या पोशाखात येतो आणि पाहुण्यांना ते सोंग वाटते. सबंध चित्रपटातला हा सर्वांत चतुर विनोद आहे, आणि त्यासाठी लुगोसींना एकही विनोदी ओळ बोलावी लागत नाही.

लॉन चेनी ज्युनिअर यांचा टॅलबट तर चित्रपटातला सर्वांत दुःखी माणूस आहे. तो चांगला आहे, त्याला बाकीच्यांना थांबवायचे आहे, आणि पौर्णिमेचा चंद्र उगवला की तो स्वतःच सर्वांत मोठा धोका होतो. चंद्र उगवताच आपला लांडगा होतो हे तो कळकळीने सांगतो तेव्हा विल्बरला त्यात नवल वाटत नाही. रात्र पडली की तसे होणारे पुरुष लाखोंनी आहेत, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. ओळ हसवणारी आहे, पण कॅमेरा चेनींच्या चेहऱ्यावर असतो तेव्हा तिथे वेदनाच दिसते. हॉटेलच्या खोलीत टॅलबट स्वतःला कोंडून घ्यायला सांगतो आणि विल्बर काही ना काही निमित्ताने त्याच खोलीत शिरतो. पाठीमागून लांडगा झेप घेतो, विल्बर नेमका त्याच क्षणी वाकतो किंवा वळतो, आणि आपण कशातून वाचलो याचा त्याला पत्ताच नसतो. प्रेक्षक मात्र श्वास रोखून हसतो. हसू आणि धसका एकाच क्षणी एकाच माणसाच्या अंगात उमटवणे हे या प्रकारचे सर्वोच्च काम, आणि ते इथे साधले आहे.

राक्षसाची भूमिका ग्लेन स्ट्रेंज यांनी केली. १९३१ चे मूळ राक्षस बोरिस कार्लोफ यांनी चित्रपटात काम केले नाही, मात्र प्रसिद्धीला मदत केली. तळघरात विल्बर नकळत राक्षसाच्या मांडीवर बसतो आणि आपल्या हाताजवळ भलताच हात आहे हे त्याला सावकाश उमगत जाते, असा एक प्रसंग आहे. त्या वेळी स्ट्रेंज यांना हसू आवरेना, म्हणून तो पुन्हा पुन्हा चित्रित करावा लागला. पडद्यावर मात्र त्या हसण्याचा मागमूस ठेवलेला नाही. चित्रीकरणात स्ट्रेंज यांच्या पायाला दुखापत झाली, तेव्हा राक्षस एका स्त्रीला खिडकीबाहेर फेकतो तो भाग चेनी यांनी राक्षसाची रंगभूषा चढवून पुरा केला. वुल्फ मॅन आणि राक्षस अशी दोन्ही कामे एकाच चित्रपटात एका नटाने केली, हे पडद्याकडे पाहताना कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ड्रॅक्युलाचा डाव असा, की राक्षसाच्या डोक्यात मुकाट्याने आज्ञा पाळणारा मेंदू बसवायचा, आणि त्यासाठी विल्बरच्या मेंदूइतका साधा मेंदू दुसरा नाही. सँड्रा ही सुंदर शास्त्रज्ञ विल्बरवर प्रेमाचे जाळे टाकते. एवढी देखणी बाई या गोळ्याच्या मागे का लागावी, हे चिकला कळत नाही. धोका विल्बरच्या जिवाला आहे, नुसत्या झोपेला नाही. त्यामुळे शेवटची वीसेक मिनिटे खऱ्या पाठलागाची होतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधलेल्या विल्बरला सोडवता सोडवता टॅलबटवर चंद्राचा प्रकाश पडतो, आणि वाचवणाराच लांडगा होतो. पुढे वटवाघूळ होऊन निसटणाऱ्या ड्रॅक्युलाला वुल्फ मॅन झेप घेऊन पकडतो आणि दोघेही खाली समुद्रात कोसळतात. राक्षस जळत्या धक्क्यावर संपतो. सुटलेले दोघे होडीत बसतात तर तिथे अदृश्य माणूस आधीच बसलेला असतो. त्याला आवाज दिला आहे व्हिन्सेंट प्राइस यांनी, जे पुढे स्वतः भयपटांचे मोठे नट झाले.

फ्रँक स्किनर यांचे पार्श्वसंगीत या सगळ्याला घट्ट धरून ठेवते. विनोदपटात भुताच्या प्रवेशाला टिंगलीचे सूर वाजवण्याचा मोह सहज होतो. स्किनर यांनी भुतांसाठी भारदस्त, काळोखे संगीत लिहिले. चार्ल्स व्हॅन एंगर यांच्या छायाचित्रणातही किल्ल्याच्या पायऱ्या, तळघर, चांदणे यांच्यावरच्या सावल्या पूर्वीच्या भयपटांइतक्याच दाट आहेत. आरंभीची नामावली आणि वटवाघळाचे रूपांतर यांसाठी वॉल्टर लँट्झ यांच्या चमूने हाताने काढलेली चलचित्रे वापरली.

दोषही आहेत, आणि जुना चित्रपट म्हणून ते झाकायचे कारण नाही. ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही हा सर्वमान्य नियम. इथे तो सँड्राच्या मानेवर झुकतो तेव्हा आरशात स्पष्ट दिसतो. ते काढलेले वटवाघूळ आज कागदी वाटते. राक्षसाचा मूळ चेहरा जॅक पिअर्स यांनी तासन्‌तास खपून घडवला होता. १९४८ मध्ये त्यांची जागा बड वेस्टमोर यांनी घेतली आणि रबरी मुखवट्यांनी वेळ वाचवला, पण चेहऱ्यावरचे भाव गोठले. चिक इतके पुरावे समोर येऊनही विश्वास ठेवत नाही, ही ओढाताण मधल्या भागात कंटाळवाणी होते. विम्याची चौकशी करणारी जोन ही स्त्री सुरुवातीला हुशार दाखवली आहे, शेवटी मात्र तिच्या वाट्याला संमोहित होऊन पडून राहण्यापलीकडे फारसे काही येत नाही.

याहून गंभीर आक्षेप खुद्द चेनी यांचा होता. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो यांनी भुतांचे विदूषक केले आणि भयपट बुडवला, असे ते पुढे म्हणत. या चित्रपटापुरता तो आरोप टिकत नाही. प्रेक्षकाने पाठ फिरवली ती आधीच, १९४५ च्या सुमारास. या चित्रपटाने त्याला परत थिएटरात आणले आणि जुन्या भुतांना मानाने निरोप दिला. पुढच्या चित्रपटांना मात्र तो आरोप लागू पडतो. यश पाहून कंपनीने अदृश्य माणूस (१९५१), जेकिल-हाइड (१९५३) आणि ममी (१९५५) यांच्याशीही या जोडीची गाठ घालून दिली. त्यांत भुते हळूहळू विनोदाचे साहित्य बनत गेली, आणि ती तशी झाली तसतसे हसूही कमी होत गेले.

ही गोष्ट नंतरच्या चांगल्या दिग्दर्शकांनी हेरली. मेल ब्रुक्स यांनी 'यंग फ्रँकेनस्टाइन' (१९७४) हट्टाने कृष्णधवल केला आणि १९३१ च्या प्रयोगशाळेतली मूळ उपकरणे शोधून वापरली. जॉन लँडिस यांच्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' (१९८१) मध्ये रिक बेकर यांनी घडवलेले लांडग्याचे रूपांतर इतके यातनामय आहे की त्याला रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. त्याच चित्रपटातले संवाद मात्र खो खो हसवतात.

मराठी प्रेक्षकाला हे गणित परके नाही. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटाची मूळ कल्पना, मरत्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरण्याची, 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन भयपटात होती. रामदास पाध्ये यांनी बाहुला घडवला, दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचू साकारला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी भोळा लक्ष्या. ड्रॅक्युलाला विल्बरचा मेंदू हवा असतो, तात्या विंचूला लक्ष्याचे शरीर. दोन्हीकडे भोळ्या माणसाचे कोणी ऐकत नाही, आणि दोन्हीकडे तो खरेच बोलत असतो. बेर्डे यांची धांदल कितीही रंगली तरी तात्या विंचूचा हेतू ढिला पडत नाही. म्हणून तर त्या बाहुल्याला घाबरलेली मुले आज मोठी होऊनही त्याचे नाव विसरलेली नाहीत.

जुना भयविनोदपट पारखताना, तो आज किती घाबरवतो एवढेच विचारले तर उत्तर निराश करते. १९४८ ची भुते आज कोणाची झोप उडवणार नाहीत. प्रश्न असा विचारावा, की भुतांना चित्रपट स्वतः किती मानतो? त्यांच्या वाट्याला स्वतःची लय, स्वतःचा प्रकाश, स्वतःचे दुःख आहे का? विनोद भुतांमुळे घडतो की भुतांवर? हे तपासायला प्रत्येक मोठ्या प्रसंगात एकदा फक्त भुताकडे आणि एकदा फक्त घाबरणाऱ्याकडे पाहावे. या चित्रपटात दोन्ही वेळा पूर्ण प्रसंग हाती लागतो. नक्कल करणाऱ्या बऱ्याच चित्रपटांत भुताकडे पाहिले तर काहीच उरत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा चित्रपट राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी निवडला, आणि ती निवड योग्य आहे. ज्यांना तो पहिल्यांदा पाहायचा आहे त्यांनी आधी १९३१ चे 'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेनस्टाइन' आणि १९४१ चा 'द वुल्फ मॅन' पाहून घ्यावेत. तिन्ही जेमतेम सव्वा तासाचे आहेत. १९४८ च्या प्रेक्षकाने ते पाहिलेले होते, आणि बार्टन यांनी आपला चित्रपट त्याच प्रेक्षकासाठी केला होता.